नानांचा ॲम्प्लिफायर आणि मुलाचा लॅपटॉप

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. वय ५२, सहकारी बँकेत नोकरी. सासरे ८१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. घरात त्यांना सगळे नाना म्हणतात. १९८४ साली नानांनी फंडातून पैसे काढून स्टिरिओ सेट घेतला: ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक आणि लाकडी खोक्यांचे दोन मोठे स्पीकर. रोज सकाळी तासभर गाणं ऐकल्याशिवाय ते पेपर उघडत नसत. आता रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा सैल झालाय, सुई झिजलीय. डेक चालतो, पण बऱ्याच कॅसेटवर बुरशी दिसायला लागलीय. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा जुना लॅपटॉप घरी पडून होता. नाना दुपारी झोपले असताना बाईंनी मोबाइलच्या दुकानातून एक वायर आणली, ॲम्प्लिफायरच्या मागच्या रेकॉर्ड प्लेअरच्या पिना काढल्या आणि तिथेच लॅपटॉप जोडला. आवाज आला तो जाडाभरडा, फाटलेला, आणि मागे सतत घूंऽऽ. नाना उठून आले, थोडा वेळ उभे राहिले, "काँप्युटरचा आवाज असलाच असायचा" म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर ते सेटपाशी बसलेलेच नाहीत. दुकानदार म्हणतो, जुना सेट डिजिटल नाही, होम थिएटर घ्या. मुलगा म्हणतो, भंगारात द्या, ब्लूटूथ स्पीकर पाठवतो. यजमान म्हणतात, उगाच काहीतरी जळेल. बाई विचारतात: हे जोडणं मुळात जमतं का? धोक्याचं आहे का? की मुलाचं ऐकावं? आणि नानांच्या कॅसेट वाचवता येतील का?

आधी तुमच्या यजमानांची काळजी मिटवतो. तुम्ही जे केलंत त्याने ॲम्प्लिफायर जळत नाही. पाच-दहा मिनिटं फाटका आवाज वाजला म्हणून स्पीकरही जात नाहीत. आवाजाचं बटण पूर्ण फिरवून तासभर तसंच ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. लॅपटॉपलाही काही झालेलं नसणार. डेकवर एखादी चांगली कॅसेट लावून बघा. दोन्ही स्पीकर पूर्वीसारखे वाजले की तो विषय संपला.

आता त्या फाटक्या आवाजाचं. जुन्या सेटला नवा लॅपटॉप मानवला नाही असं तुम्हाला वाटलं, दुकानदाराला वाटलं आणि नानांनाही वाटलं. पण ॲम्प्लिफायरच्या मागे जी भोकांची रांग असते, तिच्यात एकच जोडी अशी असते जिथे रेकॉर्ड प्लेअर सोडून दुसरं काही लावायचं नसतं. तुमचा हात नेमका तिथे गेला. तिच्यावर बहुतेक ‘फोनो’ असं लिहिलेलं असेल.

रेकॉर्डवर फिरणारी सुई फारच क्षीण विद्युतलहर देते. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजची (सुई जिच्यात बसवलेली असते त्या डबीची) ती साधारण ५ मिलिव्होल्ट असते, म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा भाग. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून पूर्ण आवाजावर अर्धा ते एक व्होल्ट येतो, कधी त्याहून जास्तही. फोनोचं भोक ते ५ मिलिव्होल्ट वाढवून देण्यासाठीच केलेलं असतं. तिथे शंभर-दोनशे पट जोराची लहर घुसली तर आवाज फाटेल नाही तर काय होईल?

शिवाय आणखी एक भानगड आहे. एलपी कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे सूर मुद्दाम चढवतात. खर्ज जसाच्या तसा कापला तर चर इतकी रुंद होते की एका बाजूला वीस मिनिटांचं गाणंही मावणार नाही. आणि वरचे सूर चढवून कापले की ते पुन्हा खाली आणताना रेकॉर्डची खरखरही दबते. किती दाबायचं, किती चढवायचं याचं प्रमाण अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९५४ मध्ये ठरवलं आणि पुढे ते जगभर रूढ झालं. फोनोचं भोक त्याच्या बरोबर उलट करून हिशेब जुळवतं: अगदी खालचे सूर दहा पटीने वर, अगदी वरचे दहा पटीने खाली. लॅपटॉपमधलं गाणं मुळात सरळच असतं. त्याच्यावर हा उलटा हिशेब चालवला की तबल्यातल्या बायाँचा घुमारा खोलीभर होतो आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो भरलेला झंकार, नाहीशी होते. तुम्ही मिरजेच्या शेजारी राहता, जिथे पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे घडतात. तिथल्या ऐकणाऱ्या माणसापुढे जवारी गेलेला तानपुरा वाजला. नाना उठून गेले, त्यांचा कान शंभर टक्के बरोबर होता. दोष फक्त त्यांनी भलत्याच्या माथी मारला.

मग लावायचं कुठे? ‘ऑक्स’, ‘ट्यूनर’, ‘सीडी’ किंवा ‘टेप’च्या इथे ‘प्ले’ लिहिलेली जोडी, यातली कुठलीही रिकामी असेल तिथे. आतून या सगळ्या एकाच जातीच्या असतात, वेगवेगळी नावं फक्त पुढच्या खटक्यावर ओळखायला सोयीची म्हणून दिलेली. टेपच्या शेजारीच ‘रेक’ किंवा ‘आउट’ लिहिलेली जोडी असते, ती मात्र बाहेर जाणारी वाट. तिथे लावलंत तर जळणार काहीच नाही, पण वाजणारही नाही आणि तुम्ही अर्धा दिवस वायरी बदलत बसाल. ‘टेप’ला लावलंत तर पुढचं ‘टेप मॉनिटर’चं बटण दाबायला विसरू नका. आणि जिथून स्पीकरच्या तारा निघतात त्या स्क्रूंच्या किंवा चिमट्यांच्या जवळ लॅपटॉपची वायर न्यायचीच नाही. यजमान म्हणतात तसं काही जळायचं असेल तर ते तिथे जळेल.

वायरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पत्रांतल्या निम्म्या तक्रारी तिच्यापाशी येऊन थांबतात. लॅपटॉपकडच्या टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल व पांढरी अशा दोन जाड पिना. लाल उजवीकडची, पांढरी डावीकडची. कधी पांढरीच्या जागी काळी असते. आता ती बारीक पिन उजेडात धरा आणि तिच्या धातूवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन हव्यात. एकच असेल तर ती मोनो पिन, स्टिरिओच्या दोन बाजू तिच्यातून येतच नाहीत. तीन असतील तर ती माइकवाल्या हेडफोनची नाहीतर टीव्ही-कॅमेऱ्याची वायर. तिच्यातल्या जोडण्या वेगळ्या असतात, आणि मग कधी एकच बाजू वाजते, कधी गाणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा लागतो. मोबाइलच्या दुकानात हे तिन्ही प्रकार एकाच डब्यात पडलेले असतात आणि देणाऱ्याला बहुधा फरक ठाऊक नसतो. दोन रेघांची, दीड-दोन मीटर लांबीची, जरा जाड वेष्टणाची वायर दोन-तीनशे रुपयांत मिळते. सोन्याचा मुलामा दाखवून कुणी हजारांची केबल गळ्यात मारू लागलं तर हात जोडून बाहेर पडा.

लॅपटॉपऐवजी टेबलावरचा मोठा काँप्युटर असलेल्या वाचकांनी डब्याच्या मागचं हिरवं भोक धरावं. गुलाबी भोक माइकचं, निळं आत घेण्याचं. आणि ज्यांच्या नव्या लॅपटॉपला किंवा फोनला हेडफोनचं भोकच ठेवलेलं नाही, त्यांना यूएसबी-सीचा छोटा ॲडॅप्टर लागेल. आकड्यांची विद्युतलहर करणारा डॅक अशा ॲडॅप्टरच्या आतच असतो, पण घेताना दुकानदाराला तेवढं विचारून घ्या.

जोडताना ॲम्प्लिफायर बंद, त्याचं आवाजाचं बटण शून्यावर. पिना लावा, खटका ‘ऑक्स’वर आणा, लॅपटॉपवर गाणं सुरू करा, मग ॲम्प्लिफायर चालू करून आवाज हळूहळू वाढवा. लॅपटॉपमधला आवाज ८०च्या आसपास ठेवून बघा. तिथे कुठे करकर वाटली तर थोडा खाली घ्या. एकदा जागा सापडली की ती कायमची. त्यानंतर लॅपटॉपच्या आवाजाला कुणी हात लावायचा नाही. कमी-जास्त जे करायचं ते ॲम्प्लिफायरवरच्या बटणाने. हा नियम मी तांत्रिक कारणासाठी सांगतोच आहे (लॅपटॉपवर आवाज फार खाली ठेवला की ॲम्प्लिफायर जास्त उघडावा लागतो आणि सोबत खरखरही उघडी पडते), पण त्याला दुसरं कारणही आहे, ते पुढे येईल.

आता ती घूंऽऽ. फोनोचं भोक सोडलंत की निम्मी तिथेच जाईल, कारण ते भोक घूंघूंसुद्धा तितक्याच उत्साहाने वाढवत होतं. उरली तर गाणं चालू असताना लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढा आणि तो बॅटरीवर चालू द्या. घूं थांबली? मग दोष चार्जरच्या वाटेने येणाऱ्या विजेचा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती दोन यंत्रांच्या मधल्या वायरीत गोल फिरू लागली की ५० आणि १०० हर्ट्झची ही घूं ऐकू येते. पहिला उपाय फुकट आहे: ॲम्प्लिफायर आणि चार्जर भिंतीवरच्या दोन वेगळ्या बोर्डांवर असतील तर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. तेवढ्याने भागलं नाही तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची काडेपेटीएवढी डबी मिळते, आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, ती वायरीच्या मध्ये बसवायची. पाच-सातशेत काम होतं. किंवा सकाळी तासभर ऐकायचं तर बॅटरीवरच ऐका, जुन्या लॅपटॉपची बॅटरी तेवढी टिकत असेल तर. एक गोष्ट मात्र कुणीही सांगितली तरी करायची नाही: तीन पिनांच्या प्लगातली वरची जाड पिन मोडायची नाही. घूं जाते, आणि घरातल्या माणसाला शॉक बसण्यापासून वाचवणारी अर्थिंगही तिच्याबरोबर जाते. आपल्याकडे मेकॅनिकसुद्धा हा ‘इलाज’ बिनदिक्कत करतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

घूं नसून बारीक चिरचिर असेल आणि माउस हलवला की ती बदलत असेल, तर तो लॅपटॉपच्या पोटातला गोंगाट. त्याला यूएसबीला लावायचा बाहेरचा डॅक हा इलाज. चिरचिर नसेल तर डॅकवर खर्च करू नका, या वयाच्या सेटवर फरक शोधावा लागेल.

दुकानदाराच्या ‘डिजिटल’बद्दल. लॅपटॉपच्या आत गाणं आकड्यांत असतं हे खरं, पण हेडफोनच्या भोकापर्यंत येईतो त्याची साधी विद्युतलहर झालेली असते, अगदी तुमच्या कॅसेट डेकमधून निघते तशी. गिरणीवाला ज्वारी कुठल्या रानातली हे विचारत नाही, तसं ॲम्प्लिफायर लहर कुठून आली ते विचारत नाही. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा लोकांनी सीडी प्लेअर सत्तरच्या दशकातल्या ॲम्प्लिफायरना याच ‘ऑक्स’च्या भोकात जोडले, आणि सीडी तर नखशिखांत डिजिटल. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याला विकायला होम थिएटर होतं, इतकंच. आणि होम थिएटर हे सिनेमातले संवाद आणि स्फोट ऐकायचं यंत्र आहे. त्याचे वीतभर स्पीकर नानांच्या लाकडी खोक्यांची जागा घेणार नाहीत.

ते लाकडी खोके धड आहेत का हे मात्र आधी बघायला हवं, नाहीतर वर लिहिलेलं सगळं व्यर्थ. पुढची जाळी काढा आणि स्पीकरच्या कागदी शंकूभोवतीची कड अगदी हलक्या बोटाने चाचपा. रबराची किंवा कापडी असेल तर बहुधा ठणठणीत असेल. फोमची असेल तर चाळीस वर्षांत तिचा भुगा झालेला असतो, बोटाला काळी पूड लागते. तो भाग बदलून मिळतो, अख्खा स्पीकर टाकायची गरज नसते. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर आत धूळ आणि गंज बसलाय. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि बटण पाच-पंचवीस वेळा इकडून तिकडे, अर्थात प्लग काढून. काहीही जोडलेलं नसताना आणि आवाज शून्यावर असतानाही स्पीकर घुमत असेल, तर आतले कपॅसिटर वाळलेत. तो सेट आधी चांगल्या मेकॅनिककडे न्यावा, तोवर लॅपटॉपचा विचार करू नये. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हुडकावेत. जाताजाता रेकॉर्ड प्लेअरचा पट्टाही तिथेच विचारा, जुना पट्टा सोबत नेऊन. सुईसाठी कार्ट्रिजवरचा नंबर लिहून न्या. बऱ्याच जुन्या कार्ट्रिजच्या सुया आजही मिळतात. तुम्ही त्या यंत्राला फार लवकर निकालात काढलंय असं मला वाटतं.

मुलाच्या ब्लूटूथ स्पीकरचं काय? त्याचा हेतू चांगला आहे, उगीच रागावू नका. पण त्याला हवी ती सोय नानांच्या सेटलाही देता येते. ब्लूटूथ रिसीव्हर नावाची छोटी डबी मिळते, ती ‘ऑक्स’ला लावली की कुणाच्याही फोनवरचं गाणं बिनतारी सेटवर येतं. तुम्ही दोघं किंवा सुटीत आलेला मुलगा ऐकणार असाल तर खुशाल घ्या. नानांसाठी मी ती घेणार नाही. फोन घेऊन माणूस बाजारात गेला की गाणं बंद, भैरव रंगात आलेला असताना कुणाचा तरी कॉल आला की तीच घंटा दोन्ही मोठ्या स्पीकरांतून, आणि जोडणी तुटली की ती पुन्हा करायला घरातलं कुणीतरी हवं. ८१ वर्षांच्या माणसाला रोज सकाळी गाण्यासाठी हाक मारावी लागावी, ही मला त्या घूंपेक्षा मोठी अडचण वाटते.

इथेच तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली, ती स्पष्ट लिहितो. नाना झोपले असताना तुम्ही पिना काढल्यात. त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा होता, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. पण त्या सेटच्या मागची एकेक जोडणी त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी स्वतः केली असणार. घरात ‘फोनो’ आणि ‘ऑक्स’मधला फरक जाणणारा एकच माणूस होता आणि त्यालाच तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही लिहिता, "त्यांना काँप्युटर आवडत नाही." कदाचित नसेलही आवडत. पण मला शंका अशी आहे की त्यांना त्या दिवशी काँप्युटर नाही, न विचारता मागे गेलेला हात आवडला नाही. रेकॉर्ड काढणं, पुसणं, सुई टेकवणं, आवाज आपल्या हिशेबाने लावणं, हे सगळं त्यांच्या हातात होतं. लॅपटॉप आला की ते सगळं दुसऱ्याच्या हातात जातं, हे त्यांनी ओळखलं असेल.

म्हणून दुसऱ्या वेळी सुरुवात त्यांच्यापासून करा. "नाना, मी चुकीच्या भोकात लावलं होतं म्हणे. ‘ऑक्स’ कुठलं ते दाखवता का?" एवढंच विचारा. सेटच्या मागे टॉर्च धरायचं काम तुमचं, सांगायचं काम त्यांचं. पिनाही त्यांनाच लावू द्या, हात थरथरत नसेल तर. रेकॉर्ड प्लेअर त्याच्या जागी पुन्हा जोडून ठेवा, बंद असला तरी. आणि आवाजाचं बटण ॲम्प्लिफायरवरच राहील हा वरचा नियम आता पुन्हा वाचा: किती मोठ्याने ऐकायचं हे त्या घरात पूर्वीही नाना ठरवत होते, पुढेही तेच ठरवतील.

लॅपटॉपही थोडा त्यांच्याजोगा करावा लागेल. त्यांच्यासाठी वेगळं खातं उघडा, पासवर्ड नको. पडद्यावर एकच फोल्डर, मोठ्या अक्षरांत, आत सकाळच्या रागांची गाणी उतरवून ठेवलेली. नेट गेलं तरी चालावीत. थांबवायला आणि सुरू करायला खालची लांब पट्टी, म्हणजे स्पेस बार, एवढं एक बटण शिकलं की पुरे. झाकण मिटल्यावर आणि दहा मिनिटं हात न लागल्यावर लॅपटॉप झोपी जातो, ते सेटिंग बंद करा. विंडोजच्या साउंडच्या खिडकीत ‘नो साउंड्स’ निवडा, नाहीतर बॅटरी संपत आल्याची टिंगटाँग मोठ्या स्पीकरांतून आली की घरातलं मांजरसुद्धा पळेल. तिथेच ‘एन्हान्समेंट’ लिहिलेलं जे जे असेल ते बंद करा. आवाज ‘सुधारणारी’ ही यंत्रणा लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरांसाठी असते, मोठ्या स्पीकरांवर तीच गाणं बिघडवते. गाण्यांचं ॲप वापरणार असाल तर त्यात ‘ऑडिओ क्वालिटी’ वरची निवडा. सगळ्यात मोठा फरक पडतो तो मात्र मूळ ध्वनिमुद्रणाने. त्याच गायकाची तीच बंदिश कुणी कंपनीच्या मूळ टेपवरून घेतलेली असते, कुणी दोनदा कॉपी झालेल्या कॅसेटवरून. दोन-तीन प्रती ऐकून नानांना निवडू द्या.

जुन्या ७८च्या तबकड्यांवरून घेतलेली तीन-तीन मिनिटांची गाणी लावाल तेव्हा ॲम्प्लिफायरवर ‘मोनो’चं बटण असेल तर ते दाबा. ती ध्वनिमुद्रणं मोनोच आहेत. दोन्ही बाजू एक झाल्या की चरचर बरीच खाली बसते. हे बटण नव्या यंत्रांवर शोधून सापडत नाही, तुमच्याकडे असण्याची शक्यता दांडगी आहे.

ज्या वाचकांच्या जुन्या सेटला लाल-पांढरी भोकं नाहीतच, त्या जागी बोटाएवढं गोल सॉकेट आणि अर्धवर्तुळात पाच छिद्रं आहेत, त्यांनीही निराश होऊ नये. ते डिन सॉकेट, जर्मन पद्धतीचं. युरोपी घडणीच्या सेटांवर सर्रास असायचं. त्याला ३ आणि ५ नंबरच्या छिद्रांतून आवाज आत जातो, मधलं २ नंबरचं अर्थ. साडेतीन मिलिमीटरवरून डिनवर नेणारी तयार वायर मिळते किंवा रेडिओ दुरुस्त करणारा जोडून देतो. १ आणि ४ या रेकॉर्डिंगसाठी बाहेर जाणाऱ्या वाटा, तिथे जोडलेली वायर गप्प बसते. आणि एखाद्या सेटवर ‘क्रिस्टल’ किंवा ‘सिरॅमिक’ लिहिलेलं भोक असेल तर ते फोनोसारखं नाही, तिथे लॅपटॉप चालून जातो.

राहिल्या कॅसेट. खरं तर तुमच्या पत्रातलं सगळ्यात तातडीचं काम हेच आहे आणि तुम्ही ते शेवटच्या ओळीत लिहिलंत. सेट आणखी दहा वर्षांनीही दुरुस्त होईल, बुरशी थांबणार नाही.

कंपनीच्या छापील कॅसेट बाजूला ठेवा, त्यांतलं बरंचसं गाणं आज दुसरीकडे मिळतं. हाताने नाव लिहिलेल्या आधी काढा: मिरजेला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं, तिथलं किंवा कुणाच्या दिवाणखान्यातल्या बैठकीचं नानांनी स्वतः टेप केलेलं काही असेल तर ते जगात एवढंच असण्याची शक्यता आहे. फितीवर पांढरे ठिपके दिसतात ती कॅसेट डेकमध्ये घालायची नाही, बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. अशा कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून जाणकाराकडे द्या. ठीक दिसणारी कॅसेटही लगेच वाजवू नका. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. हेड आणि रबरी रोलर अधूनमधून पुसत राहा: हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, रोलरला ओलसर कापड पुरतं.

जोडणीची दिशा आता उलटी. डेकच्या ‘लाइन आउट’मधून काँप्युटरकडे. लॅपटॉपच्या भोकात हे थेट घालून भागत नाही, त्यातला आत जाणारा रस्ता माइकचा असतो आणि तोही बहुधा मोनो. लाल-पांढऱ्या पिना घेणारी यूएसबीची छोटी ऑडिओ डबी आणा. प्रोग्रॅम ऑडॅसिटी, फुकट आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, फाइल वेव्ह. तासाच्या कॅसेटला साधारण ६०० एमबी जागा लागते. गाण्यातली सगळ्यात मोठी तान किंवा टाळ्या उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाहीत अशी पातळी ठेवा. पहिली प्रत आहे तशीच साठवा. खरखर काढायचा मोह झाला तर तो दुसऱ्या प्रतीवर भागवा. कॅसेटवर डॉल्बी (फितीची खरखर दाबायची पद्धत) लिहिलं असेल तर डेकवरही तेच बटण. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठच मिनिटं लागतात, यात घाई चालत नाही, म्हणून रविवारी एक असा बेत ठेवा आणि नाना शेजारी असताना करा. कोण गातंय, कुठलं साल, साथीला कोण, हे त्यांच्याकडून तिथल्या तिथे फाइलच्या नावात लिहून घ्या. घरापुरतं ऐकायला कुणाची हरकत नाही, महाजालावर टाकायचं मनात आलं तर आधी त्या कलाकाराच्या घरच्यांना विचारा. आणि प्रत्येक कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी तिच्या पाठीच्या कडेला दोन टोकांना ज्या प्लॅस्टिकच्या चिमुकल्या पट्ट्या असतात त्या पेनाच्या टोकाने मोडून टाका, म्हणजे घाईत ‘प्ले’सोबत ‘रेकॉर्ड’वर बोट गेलं तरी ते बटण खाली जाणार नाही.